चार बोटं कमी

४ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अण्णांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं आहे. ते लहान कपाटाएवढं आहे, दिवसभर घुरघुरतं आणि घरातलं माणूस सतत त्याच्या दिमतीला उभं असतं, म्हणून अण्णांनी त्याचं नाव जावई ठेवलं आहे. ताईला खरा मिळाला नाही म्हणून हा आणला, असलं काही तुझ्या डोक्यात येत असेल तर ते तिथेच राहू दे. नाकात नळी घालून अण्णा पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात आणि माझ्या चहाला नावं ठेवतात. म्हणजे तसे बरे आहेत.

पण जावई चालतो विजेवर, आणि आपल्याकडे हल्ली रोज दुपारी दोन ते चार वीज जाते. तेवढ्या वेळेपुरता एक सिलिंडर दिला आहे. तो रोज भरून मिळतो, पण जेमतेम दोन तास पुरतो. वीज वेळेवर आली तर ठीक, नाही आली तर काय, याचं उत्तर कोणाकडेच नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की पाच मिनिटांचा खंडसुद्धा पडता कामा नये. दुसऱ्या सिलिंडरसाठी यादीत नाव घातलं आहे, पण आपल्या आधी बरीच नावं आहेत. साध्या इन्व्हर्टरला हे मशीन झेपत नाही, म्हणून वायरमन बॅटरीची मोठी पेटी घेऊन आला. वाटलं, सुटलो.

कसलं सुटतोय! राहत्या जुन्या घरात अशी पेटी बसवायला नगर कार्यालयाचा परवाना लागतो. वायरमनने नियमांचा कागद वाचून दाखवला. झोपायच्या खोलीत पेटी नको. शेगडीजवळ नको. येण्याजाण्याच्या वाटेत नको. बाहेर ठेवायची तर पेटीपासून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत चार फूट मोकळे हवेत. आता आपलं घर केवढं, तुला माहीत आहे. दोन खोल्यांत आम्ही झोपतो, तिसरीत शेगडी आहे, बोळातून ये-जा करतो. राहिलं मागचं अंगण. मी पेटी घराच्या भिंतीला टेकवली आणि तिथून शिंपीकाकांकडच्या कुंपणभिंतीच्या आपल्या अंगापर्यंत टेप लावला; भिंतीची जाडी धरायची नाही, असं अण्णांनी बजावलं होतं. चार बोटं कमी पडतात. तीनदा मोजलं. शेवटी अण्णांनी आतूनच सांगितलं की टेप ताणून अंगण वाढत नाही.

एक वाट आहे. शेजाऱ्याने लेखी संमती दिली तर दोन फुटांवर भागतं. पण शेजारी कोण, तर शिंपीकाका. वीस वर्षांपूर्वी अण्णा त्याच कार्यालयात मोजणीदार होते, आणि काकांची अंगणातली शेड हद्दीपासून नियमापेक्षा सात इंच कमी अंतरावर आहे म्हणून त्यांनी ती पाडायला लावली होती. तू तेव्हा शाळेत होतास. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. मी म्हटलं, मी जाते आणि काकांचे पाय धरते. अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले की तू त्या दारात पाऊल टाकलंस तर मी ही नळी काढून ठेवीन. माणूस इतका हट्टी कसा असतो रे?

पेटी पुढच्या खोलीत खोक्यातच पडून आहे. अण्णा तिच्यावर पेपर ठेवतात. तुझा मोबाइल वीज केंद्राच्या गेटवर काढून घेतात, आणि फोनवरच्या बोलण्याची नोंद राहत नाही हे अण्णांचं मत, तेव्हा पत्रच लिही. पण लवकर लिही.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
भोपळ्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी रोज आठ तास वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसून अर्ध्या मुलखाला वीज पाठवतो, आणि माझ्या बापाला दोन तासांची मिळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इथल्या मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना, पण आमच्या दोन नंबरच्या युनिटची दुरुस्ती चालू आहे आणि तोवर रजा कोणालाच नाही. अण्णांना इथे आणावं तर क्वार्टर्समध्ये कुटुंब ठेवू देत नाहीत आणि डॉक्टरीणबाई त्यांना प्रवास करू देणार नाहीत.

माझं ऐक. कोठीच्या खोलीत मोठी ट्रंक आहे ना, तिच्यामागे पेटी लाव. नियम काय भिंतीतून डोकावून बघणार आहे? वायरमनला म्हणावं, काम कर आणि विसरून जा. अण्णांना सांगूच नकोस. जावयाच्या घुरघुरीत त्यांना कळणारही नाही.

तू स्वतः नीट जेवतेस का? मागच्या पत्रातलं तुझं अक्षर रेल्वेत बसून लिहिल्यासारखं होतं.

तुझा,
भोपळ्या


२१ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,
अ. आ. वि. वि.

तुझी अक्कल पाठवल्याबद्दल आभारी आहे. वायरमनने कानाला हात लावले. परवान्याशिवाय एक वायर जोडली तरी त्याचं लायसन्स जातं, आणि त्याला तीन मुली आहेत. शिवाय कोठीची खोली शेगडीला लागून, ती तर आधीच बाद. आणि अण्णांना कळणार नाही म्हणतोस? मी ट्रंक इंचभर सरकवली तेवढ्यात आतून विचारलं, कोठीत काय चाललंय. मग तासभर ऐकवलं. मी तीस वर्षं लोकांच्या भिंती मोजून त्यांना नियम सांगितले, आता माझ्याच घरात चोरीची पेटी लावणार का, वगैरे. ऐकवता ऐकवता धाप लागली, तेव्हा थांबले.

म्हणून सोमवारी मी सरळ कार्यालयात गेले. खिडकीवरचे कारकून अण्णांच्याच हाताखाली शिकलेले निघाले. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, सरांची तब्येत विचारली. मग नियमांचा तोच कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ताई, यातला एक शब्दही मला बदलता येत नाही, तेवढी संमती आणा, मी आठ दिवसांत परवाना हातात देतो. त्यांचा राग तरी कसा करू? रागावता येईल असं एकही माणूस मला या सगळ्यात सापडत नाही, अण्णा सोडून.

बुधवारी वीज चारला आली नाही. सव्वाचार झाले, सिलिंडरचा काटा तळाला गेला. मी अण्णांना बोलू नका म्हटलं, हलू नका म्हटलं, आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसले. वाऱ्याने काय होतं! त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. चार पंचवीसला जावई घुरघुरला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग चहा केला. अण्णा म्हणाले, साखर जास्त झाली आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा डोळा लागल्यावर मी शिंपीकाकांकडे गेले. हो, गेले. काका मशीनवर वाकून बसले होते. थकले आहेत. काकू गेल्यापासून पुढच्या खोलीत एकटेच शिवतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता शिवण संपवली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाले की सही करायला मला काही नाही, पण ज्याला हवी आहे त्याने येऊन मागावी. एवढंच. घरी येऊन अण्णांना मी काही बोलले नाही. तूच लिही. मुलीचं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकतील.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. अण्णांस,
भोपळ्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्हाला कधी उलट बोललो नाही. आज पत्रात बोलतो आहे, समोर असतो तर जीभ वळली नसती. ताईने बुधवारचं सगळं कळवलं. ती एकटी तुमच्यापाशी पुठ्ठा घेऊन बसली होती हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. ती काकांकडे जाऊन आली. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. काका सही देणार आहेत. तुम्ही फक्त एकदा जाऊन मागायची आहे. वीस पावलांवर घर आहे अण्णा. तुम्ही तुमचं काम केलंत, नियमाने केलंत, त्यात लाजायचं काय आहे? आणि मान मोठा की तुम्ही मोठे? आम्हाला तुम्ही हवे आहात.

तुमचा,
भोपळ्या


८ मार्च

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू उलट बोललास ते बरं केलंस. तुझ्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करतो.

मी माझं काम नियमाने केलं, असं तू लिहितोस. शेड पाडली तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. कुंपणभिंत आपल्या आजोबांनी बांधली, म्हणून ती आपल्या जागेत, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. कागद न बघता तेच धरून चाललो. भिंतीच्या पलीकडच्या अंगापासून शेडपर्यंत टेप धरला. सात इंच कमी भरले.

तीन वर्षांनी कार्यालयात जुनी कपाटं हलवताना आपल्या गल्लीचा मूळ नकाशा हाती आला. भिंत त्यांच्या वडिलांनी बांधलेली आहे, पूर्ण त्यांच्या जागेत. म्हणजे हद्द भिंतीच्या आपल्या अंगाला, म्हणून ताईलाही पेटीसाठी तिथपर्यंतच मोजायला लावलं. भिंत नऊ इंच जाड आहे. शेड नियमात बसत होती, वर दोन इंच शिल्लक होते. मी नकाशाची घडी घातली आणि होता तिथे ठेवून दिला. त्याला सतरा वर्षं झाली. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही.

एक चूक मान्य केली तर माझ्या सगळ्याच मोजण्यांवर लोक बोट ठेवतील, असं मी मनाला सांगत राहिलो. खरं म्हणजे भ्यालो. त्या शेडमध्ये दोन मशीनं चालायची आणि त्यांची बायको काजं करत बसायची. मग एक मशीन विकलं. हे सगळं मी खिडकीतून पाहिलं आहे.

आता या माणसाकडे जाऊन माझ्यासाठी चार बोटं सोड म्हणायचं, आणि हे पोटात ठेवायचं, हे मला जमत नाही. मी हट्टाने बसलो आहे असं तुम्हा दोघांना वाटतं. मला लाज वाटते आहे. खरं सांगितल्याने आपलं अंगण एका सुतानेही वाढत नाही, आणि सही मात्र जाऊ शकते, हे मला कळतं. तरी गुरुवारी जातो. ताईला अजून सांगितलेलं नाही.

अण्णा


१७ मार्च

चि. भोपळ्यास,
अ. आ. वि. वि.

तुला आधी माहीत होतं आणि मला नाही, याचा हिशेब तू आल्यावर करू.

गुरुवारी सकाळी अण्णा धुतलेला शर्ट घालून उठले आणि शिंपीकाकांकडे जायचं आहे म्हणाले. सिलिंडर बाजाराच्या पिशवीत घालून मी मागे, पुढे अण्णा, मधे नळी. वीस पावलांना तीनदा थांबलो. काकांनी खुर्ची दिली नाही. अण्णांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, भिंत, नकाशा, नऊ इंच, अगदी साक्ष दिल्यासारखं. मीही तेव्हाच ऐकलं.

काकांनी मशीन थांबवलं. एवढंच विचारलं की नकाशा कधी सापडला. अण्णांनी सतरा वर्षं म्हटलं. तेव्हा काका बोलले. शेडची जागा त्यांनी स्वतः आखली होती. ती पडल्यावर काकू त्यांना जन्मभर ऐकवत राहिल्या, की गावाची मापं घेतोस आणि स्वतःची शेड मोजता आली नाही, कसला शिंपी तू. तेच मनात धरून त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. म्हणजे त्यातली अकरा वर्षं तुला माहीत होतं, असं काका म्हणाले, आणि दाराकडे बोट दाखवलं. अण्णांना घरी आणताना पाच वेळा थांबावं लागलं.

मी आशा सोडली होती. तर तिसऱ्या दिवशी दाराखालून कागद आत आला. संमती, सहीसकट. पाठीमागे लिहिलं होतं की माझ्यामुळे कोणाचा श्वास अडायला नको, पण यापुढे बोलणं नाही. अण्णांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग दुपारभर बसून अर्ज लिहिला, सगळं पाकिटात घातलं, डिंकाने बंद केलं आणि मला दिलं. मी धावतच कार्यालयात गेले. कारकुनांनी पोच दिली. आठ दिवस म्हणाले. वायरमनला सांगून ठेवलं आहे. आज कितीतरी दिवसांनी मी दुपारी झोपले.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून खुर्चीतून उठलो आणि कंट्रोल रूमला एक फेरी मारली. शेजारचे विचारायला लागले, लॉटरी लागली का. अण्णांना सांग, तुमचा भोपळा तुमच्यापुढे वाकला आहे. काकांचा राग उतरेल, त्यांना वेळ दे. माझीही एक चांगली बातमी. दुरुस्ती संपली की ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांची रजा मिळते आहे. पेटी बसली की लगेच कळव. जावयाला म्हणावं, आता ऐटीत घुरघुर.

तुझा,
भोपळ्या


२ एप्रिल

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पेटी बसली नाही. बसणार नाही. शांतपणे वाच, मला शांतपणे लिहिता येतं का बघते.

आठव्या दिवशी परवान्याऐवजी नोटीस आली. मी ती घेऊन खिडकीवर गेले. कारकुनांनी फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. आत अण्णांचा अर्ज होता, काकांची संमती होती, आणि त्याच टाचणीला अण्णांच्या अक्षरातला तिसरा कागद होता. मी अमुक साली केलेली मोजणी चुकीची होती, कुंपणभिंत शेजाऱ्यांच्या जागेत आहे, कार्यालयाने नोंद दुरुस्त करावी आणि शेजाऱ्यांना तसं लेखी कळवावं. खाली सही आणि जुना हुद्दा. हद्दीवर असा आक्षेप आला की फेरमोजणी होईपर्यंत दोन्ही घरांचे सगळे परवाने थांबतात, आणि त्या हद्दीवरची कोणाची संमतीही चालत नाही. हा नियम सरांनीच मला शिकवला, असं कारकून म्हणाले. तो कागद आठ दिवसांनी आला असता तर परवाना निघून गेला असता, असंही म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघेनात. ते पाकीट मी माझ्या हातांनी नेऊन दिलं रे. धावत नेऊन दिलं.

घरी येऊन मी अण्णांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, आठ दिवस थांबता आलं नाही का? ते म्हणाले की एका हद्दीचे कागद एकाच फाइलीत लागतात. तीस वर्षांची सवय. नियम आठवला नाही का विचारलं, तर म्हणाले, पाकीट बंद केल्यावर आठवला. उघडावंसं वाटलं, पण नकाशासारखा हाही कागद घडी घालून ठेवला असता तर तो बाहेर काढायला आणखी सतरा वर्षं कुठून आणणार होतो?

फेरमोजणीची तारीख आली आहे, चौदा ऑगस्ट. मोजणीदार एकच आहे आणि गावभर हद्दी आहेत. अर्जदाराने जातीने हजर राहावं असं लिहिलं आहे. अण्णांनी नोटीस भिंतीला लावली आहे. तुझी रजाही ऑगस्टातच, याचा त्यांना केवढा आनंद झाला आहे. म्हणतात, टेपचं दुसरं टोक भोपळा धरील.

दुसरा सिलिंडर अजून यादीतच आहे. वीज या आठवड्यात दोनदा उशिरा आली. काल डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मी दारापर्यंत सोडायला गेले आणि सहज म्हटलं की ऑगस्टात मोजणी आहे, तेव्हा अण्णांना अंगणात खुर्ची दिली तर चालेल ना. त्या चप्पल घालत होत्या. म्हणाल्या, आपण इतकं लांबचं नको बोलू या.

नोटिशीची प्रत शिंपीकाकांनाही गेली होती. परवा दुपारी वीज गेल्यावर ते दारात येऊन उभे राहिले, हातात तो कागद. हे यानेच लिहून दिलं का, असं मला विचारलं. मी हो म्हटलं. आणि म्हणून पेटी अडली का? त्यालाही हो म्हटलं. ते आत आले, अण्णांच्या कॉटजवळ बसले आणि चार वाजेपर्यंत सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिले. दोघं एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं नाही असं लिहूनच दिलं होतं म्हणा. आता रोज दोनला येतात.

काल जाताना त्यांनी माझ्याकडे अण्णांचा दवाखान्याआधीचा एखादा शर्ट मागितला. मोजणीच्या दिवशी घालायला नवा शिवायचा आहे म्हणाले. मी म्हटलं, काका, त्या मापाचा आता फार ढगळ होईल, ते समोरच आहेत, टेप लावून छाती मोजून घ्या ना. काकांनी गळ्यातला टेप काढून खिशात घातला. म्हणाले, नको, या घराची मोजणी पुरे झाली, जुन्या मापाचाच शिवतो. आज सकाळी कापड बेतलं. ऑगस्टला वेळ आहे, तरी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवून तोच शिवत बसले आहेत. खिडकीतून मशीनचा आवाज येतो आहे.

भोपळ्या, ऑगस्टची रजा रद्द कर आणि आत्ताची माग. नाही दिली तरी ये.

तुझी,
ताई